पेवातला झेंडेवाला

लातूर नवा जिल्हा झाला होता, पण पाऊस जुन्याच जिल्ह्यात राहिला होता. मुक्तिदिनाच्या सकाळी देवणीच्या एसटीत शेजारचा म्हातारा हातवारे करत एकटाच भाषण करत होता. प्रत्येक वाक्याला त्याचं कोपर माझ्या बरगडीत!

"बाबा, कुठं सभा हाय?"

"शाळेत. निजामाच्या टायमाला गावात झेंडा लावला मी. दरसाली सांगतो, लेकरं टाळ्या वाजवतात अन् पळतात. आज पेवबी सांगणार."

"पेव?"

"जमिनीतलं, जोंधळ्याचं. रझाकार आले तवा भिऊन त्यात लपलो होतो. हेडमास्तर म्हणतो, तेवढं वगळा. सांगितलं तर पुन्हा बोलवायचा न्हाई."

माझं गाव पुढं होतं, तरी मी त्याच्यामागं उतरलो. असा खेळ कोण सोडतो!

म्हाताऱ्यानं पेवातला अंधार, घाम, थरथर सगळं करून दाखवलं. टाळी एकही पडली नाही. हेडमास्तर घाईनं आभार मानायला उठले, तोच पुढच्या रांगेतली मुलगी म्हणाली, "एवढं भ्यालात, मग झेंडा कसा लावलात?"

म्हातारा तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला.

"सांगतो, माय. हे आजवर कुणी इचारलंच न्हाई."