आत्याबाईंनी ब्रेक दाबला

लग्न होऊन मी उस्मानपुऱ्यात आले, तेव्हा सासरी एक जुनी काळी गाडी होती. सासरे वैजापूरच्या तहसील कचेरीतून रिटायर झाले आणि त्यांनी ती हौसेनं घेतली. स्वतः चालवत नसत. पुढच्या सीटवर बसून इतरांना चालवायला सांगत. गाडी माझा नवरा चालवायचा, आणि तो कंपनीत गेला की अधूनमधून मी. माझं माहेर लासूर स्टेशनचं. वडिलांकडं अडतीवर माल न्यायला जीप होती, तिच्यावर मी हात बसवला होता आणि तिची बारीकसारीक दुरुस्तीही शिकले होते.

एका उन्हाळ्यात गाडीचा ब्रेक मऊ पडला. भिजलेल्या गादीवर पाय ठेवावा तसं पेडल गपकन खाली जायचं. दोन-तीनदा दाबलं की मग कुठं वर यायचं आणि गाडी थांबायची.

"तुझ्या पायानं झालं हे," नवरा म्हणाला. "तू फार वेळा ब्रेक मारतेस."

"ब्रेक मारायला नाही तर कशाला असतो?"

"गाडीला आराम द्या," सासरे म्हणाले. "दोन दिवस उभी ठेवली की ब्रेक बसंल आपोआप."

त्यांची सगळी चौकशी तेव्हा वेगळ्याच गुन्ह्याची चालली होती. मागच्या डाव्या चाकाला आतून ओला ओघळ दिसायचा. त्यांनी तो गल्लीतल्या लाल कुत्र्याच्या नावावर लावला होता. रोज सकाळी काठी घेऊन ते त्याच्यावर धावून जात. कुत्रं बिचारं पार नाक्यापर्यंत पळायचं आणि तिथून वळून त्यांच्याकडं बघत बसायचं.

मी त्या ओघळाला बोट लावलं. बोट बुळबुळीत झालं. पुढचं झाकण उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहिली तर तेल तळाला गेलेलं. कुत्रं निर्दोष होतं.

ही गोष्ट मी फक्त सासूबाईंना सांगितली. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना मामा. त्या परसात मिरच्या निवडत होत्या.

"आत्याबाई, चाकातलं ब्रेकचं रबर गेलंय. तिथून तेल गळतंय अन् नळीत हवा शिरलीय. म्हणून पेडल मऊ लागतंय."

"मंग सांग की त्यास्नी."

"सांगितलं तर म्हणतील, माझ्याच पायानं रबर गेलं."

आत्याबाईंनी हातातली मिरची खाली ठेवली. "तुला येतंय का करायला?"

"येतं. पण दोघी लागतील."

"मंग दोघी हायेत की," त्या म्हणाल्या.

रविवारी वैजापूरला चुलत नणंदेचा साखरपुडा होता आणि गाडीनंच जायचं होतं. तोवर गाडी 'आरामात' होती, तेवढं बरं. सासरे जेवून झोपले की चहाच्या वासाशिवाय उठत नसत. पहिल्या दुपारी मी चाक काढून खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीच्या पिशवीतून रबर, ब्रेकच्या नव्या पट्ट्या आणि तेलाचा डबा आणला. दुकानदारानं विचारलं होतं, "मिस्त्री कौन है बाई?" मी म्हटलं, "घरकाच है."

दुपारी रबर आणि पट्ट्या बसवून चाक परत चढवलं. आता हवा काढायची होती. चाकामागं हवा सोडायची बारकी तोटी असते, तिला मी प्लॅस्टिकची बारीक नळी जोडली, तिचं दुसरं टोक तेल घातलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत बुडवलं आणि पाना घेऊन जमिनीवर आडवी झाले. आत्याबाई नऊवारीचा काचा आवळून ड्रायव्हरच्या सीटवर चढल्या. पाय पुरेना, म्हणून पाठीशी लोड लावला.

"मी दाबा म्हटलं की दाबायचं, अन् सोडा म्हणेपर्यंत सोडायचं नाही. मधीच सोडलं तर हवा परत आत जाईल."

"व्हय व्हय, कळलं. लई सोपंय."

मी पाना फिरवला. बाटलीत बुडबुडे आले. तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अगं बाई! तुम्ही गाडी शिकताय?"

"छे, बसून बघतेय नुसतं," म्हणत आत्याबाई तिच्याकडं वळल्या. पाय सुटला आणि कोपर हॉर्नवर पडलं.

आतून सासऱ्यांचा आवाज आला. "कोण आलंय गं?"

"भंगारवाला!" आत्याबाई ओरडल्या. "गेला गेला!"

मी गाडीखाली पदर तोंडात कोंबून हसत होते. शेजारणीला आत्याबाईंनी हातानंच वाटेला लावलं आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी त्यांनी पाय असा रोवून धरला की सोडा म्हटलं तरी सोडवेना. मग चारी चाकांना तेच केलं, डबीतलं तेल कमी होऊ न देता. शेवटी बुडबुडे थांबले आणि नुसतं तेल येऊ लागलं.

"आता कसं लागतंय, आत्याबाई?"

"दगडावानी!" त्या म्हणाल्या. मग उगाच आणखी दोनदा दाबून पाहिलं.

मी गाडी आवारात पुढं-मागं करून पाहिली. जिथल्या तिथं थांबत होती. दोघींनी हात राखेनं घासले आणि चहा टाकला.

रविवारी निघालो. गल्लीच्या कोपऱ्यावर नवऱ्यानं सवयीप्रमाणं सगळा जोर लावून पेडल हाणलं. गाडी जागच्या जागी उभी. सासऱ्यांची टोपी काचेवर.

"बसला की ब्रेक!" नवरा थक्क.

"सांगत नव्हतो?" सासरे टोपी झटकत म्हणाले. "आराम दिला, बसला."

"व्हय," मागून आत्याबाई म्हणाल्या, "आपोआपच बसला असंल."

एवढ्यावर आम्ही गप्प राहिलोही असतो. पण वैजापूरला मांडवात नवरदेवाचे काका सासऱ्यांना म्हणाले, "आमच्या जीपचा ब्रेक लई मऊ झालाय, पाव्हणं."

"दोन दिवस उभी ठेवा," सासरे म्हणाले. "आमची तशीच नीट झाली."

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग बायकांच्या घोळक्यातून उठून सरळ पुरुषांच्या सतरंजीपाशी गेल्या.

"नगा ऐकू त्यांचं. जीव जाईल. चाकाला आतून ओलं हाय का बघा. असलं तर रबर गेलंय. ते बदलायचं, मंग एकानं दाबायचं, दुसऱ्यानं हवा सोडायची. अन् बाटलीतले बुडबुडे थांबल्याबिगर पाय काढायचा नाय."

मांडवातल्या सगळ्या माना तिकडं वळल्या.

"तुला कुणी सांगितलं हे?" सासऱ्यांनी विचारलं.

"सांगतंय कशाला कुणी? सुनंनं अन् म्या केलंय. तुम्ही घोरत व्हता."

काका पहिले हसले, मग सगळाच मांडव. सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडं पाहून विचारलं, "म्हंजे कुत्रं नव्हतं?"

"नव्हतं, मामा."

तोवर काकांनी जीप मांडवाशेजारी आणायला लावली होती. सगळे पुरुष परीटघडीच्या कपड्यांत चाकाभोवती उकिडवे बसले आणि प्रत्येकाला काही ना काही मत होतं. जेवायला चला म्हणून दोनदा निरोप गेला, कुणी हललं नाही. शेवटी यजमानीणबाईंनी पानं थंड होतील म्हणून आम्हालाच बसवलं. बायकांची पंगत आधी बसलेली मी सासरच्या कार्यात पहिल्यांदाच पाहिली. आत्याबाईंनी जिलेबी तीनदा घेतली.