सतीशरावांचा काळा कोट

लंडनच्या हाउन्सलोत सतीशराव बोकिलांइतका थंडीवर चिडलेला माणूस दुसरा झाला नाही. हीथ्रो विमानतळाच्या कार्गोत एकतीस वर्षं काढली, पण पडदा सरकवून आभाळाला दोन शब्द सुनावल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरला नाही. बस स्टॉपवर तर रोजचं व्याख्यान. शेजारी गोरी म्हातारी असो की पगडीवाले सरदारजी, सतीशराव छत्री झटकत सुरू करत, "टेरिबल, नो?" आणि बस येईपर्यंत गाडी थांबत नसे.

"रिटायर झालो की एक दिवस इथे राहणार नाही," हे वाक्य तर त्यांची बायको मीनाक्षीताई पोळ्या लाटता लाटता त्यांच्याआधी पूर्ण करायच्या.

पण गडी खरंच निघाला हो! थायलंडच्या किनाऱ्यावर एक गाव हुडकलं. दारात समुद्र, डोक्यावर नारळ. रिटायर माणसांचा व्हिसा मिळाला, घर लेकीच्या, स्वरालीच्या, हवाली झालं. तिथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमातच निरोप समारंभ उरकला. शाल-श्रीफळ मिळाल्यावर सतीशरावांना असा चेव चढला, की त्यांनी स्टेजवरूनच आपले लोकरीचे कपडे वाटून टाकले. स्वेटर गेले, मफलर गेला, नुकतीच खांद्यावर पडलेली शालसुद्धा हॉलच्या केअरटेकरला गेली. शेवटी गुडघ्यापर्यंतचा काळा कोट त्यांनी हरीशच्या अंगात स्वतःच्या हाताने चढवला. हरीश म्हणजे कार्गोतला जुना जोडीदार.

"घे गड्या. मला काही ह्या जन्मात लागत नाही आता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मीनाक्षीताईंचे हात तेवढे मांडीवरच राहिले.

पहिला आठवडा झकास गेला. पाय वाळूत, हातात शहाळं, असे फोटो सगळ्यांना पोचले. दुसऱ्या आठवड्यात मात्र घोळ झाला. पडदा सरकवला, ऊन. दुसऱ्या दिवशी सरकवला, ऊन. शेजारी बर्मिंगहॅमचा रिटायर प्लंबर राहायचा. तो म्हणायचा, "लव्हली डे." सतीशराव म्हणायचे, "लव्हली." संपलं! पुढे बोलायचं काय? ज्या दगडावर माणसाने एकतीस वर्षं जिभेला धार लावली, तो दगडच कुणी उचलून नेला, तर जिभेने करायचं काय?

मग हरीशला फोन सुरू झाले.

"काय म्हणतंय रे हवामान?"

"पाऊस."

"सरळ की आडवा?"

"आडवा. छत्री उलटी झाली माझी."

"अरेरे," सतीशराव म्हणायचे, आणि समोरच्याच्या ताटात पुरणपोळी दिसावी तसा आवंढा गिळायचे.

हे मीनाक्षीताईंना दिसत होतं. पण खुंटा उपटून उधळलेला बैल परत आला, तरी 'दावं बांधा' म्हणतो का कधी?

"अहो, परत जायचंय तर तसं म्हणा ना."

"मी? छे! संक्रांतीला स्वरालीला भेटून येऊ, एवढंच."

"बरं. संक्रांतीनंतरच्या सोमवारी इकडे परतीचं विमान आहे. तुमच्या तोंडून निघेपर्यंत मी ते तिकीट रद्द करायची नाही. इतकी वर्षं एक वाक्य ऐकलं, आता दुसरं ऐकू द्या."

मंडळाची संक्रांत रविवारी होती. शाळेच्या हॉलचं हीटिंग नेमकं बंद पडलेलं. सतीशराव आले ते अर्ध्या बाह्यांच्या फुलाफुलांच्या शर्टात. वरून लेकीचा जांभळा रेनकोट, त्याच्या बाह्या जेमतेम कोपरापर्यंत. आणि समोर हरीश! संक्रांतीला काळं घालावं म्हणून तोच कोट घालून ऐटीत उभा.

"काय रे, वाळत घातलं होतं काय तुला? पार आमसूल झालंय!"

"त-तब्येत बघ, तब्येत."

"थंडी वाजतेय?"

"मला? दोन महिन्यांचं ऊन साठवलंय आत."

तेवढ्यात स्टेजवरून पुकारा झाला, की आता सतीशराव आपल्याला उन्हाच्या देशातले अनुभव सांगतील. सतीशराव माइकपाशी गेले.

"तिथे... ऊन असतं."

मंडळी वाट बघत राहिली.

"रोज असतं."

तोच खिडकीच्या काचेवर ताडताड आवाज आला. पाऊस धड नाही, बर्फ धड नाही, असा काला कोसळायला लागला. सतीशरावांचा चेहरा एकदम उजळला.

"हे! हे बघा! ह्याला काय हवामान म्हणायचं? बर्फ पडायचा तर नीट पडावा, पाऊस पडायचा तर नीट पडावा! ह्यांच्या आभाळालासुद्धा निर्णय घेता येत नाही!"

वीस मिनिटं गडी थांबला नाही. बसचा उशीर, ओले मोजे, रेडिएटरवर वाळणारे टॉवेल, काही सोडलं नाही. हसून हसून लोकांच्या हातातले तिळाचे लाडू निसटले. सतीशराव खाली उतरले आणि सरळ हरीशपुढे जाऊन उभे राहिले.

"हरीश, कोट दे."

"का रे? ह्या जन्मात लागणार नव्हता ना?"

सतीशरावांनी तिरक्या नजरेने बायकोकडे पाहिलं. मीनाक्षीताई एका हातात तिळगुळाची वाटी, दुसऱ्या हातात फोन घेऊन अगदी तयारीत उभ्या.

"मला इथेच राहायचंय," ते पुटपुटले.

"ऐकू नाही आलं," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"मला इथेच राहायचंय म्हटलं! आता काय माइकवरून सांगू?"

हरीशने कोट उतरवला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगात चढवला. मीनाक्षीताईंनी फोनवर बोट टेकवलं, तिकिटाचा निकाल लावला आणि नवऱ्याच्या तळहातावर तिळगूळ ठेवला.

"घ्या. आता तरी गोड बोला."

"गोड?" सतीशराव गळ्यापर्यंत बटणं लावत म्हणाले. "बाहेर काय पडतंय ते बघितलंत का तुम्ही?"