पोल्का सुरू होण्याआधीचं

बर्मिंगहॅमच्या लायब्ररीत शनिवारी मी जुन्या टेप्स कॉम्प्युटरवर उतरवतो. एका पोलिश आजोबांनी आपल्या बंद पडलेल्या स्टुडिओतल्या पोल्का नाचाच्या त्रेचाळीस टेप्स आणून दिल्या. प्रत्येक डबा ते कोटाच्या बाहीने पुसून मगच माझ्या हातात देत. टेप्स इतक्या जीर्ण होत्या की एकदा वाजवल्यावर त्यांच्यावरचा आवाज धरणारा थरच सुटला; त्या पुन्हा वाजणार नव्हत्या. मी प्रत्येक गाण्याआधीची खुडबुड नेटकेपणाने कापली आणि कापलेलं ठेवलंही नाही.

आजोबा ऐकायला आले. तीन गाणी झाल्यावर त्यांनी विचारलं, "सुरुवातीला एक बाई एक, दोन, तीन मोजते, ती कुठे गेली?"

"ते गाण्यात धरत नाहीत, म्हणून काढलं."

"गाणी बँडची होती हो. मोजायची ती माझी बायको."

त्यांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. "चौथं लावा," ते म्हणाले, "त्यात ती जरा मोठ्याने मोजते."