चार घरांवर हरवलेली मुलगी

उद्या वर गेल्यावर चित्रगुप्ताने विचारलं, 'नोकरीतली एक केस सांग', तर मी ज्या केसमध्ये ना चोर होता ना चोरी, तीच सांगेन. तसे मी दहा हजार चोर पकडले. सरकारी आकडा बराच कमी निघेल, पण नोंदी ठेवणारे लोक जात्याच कंजूष.

वडील बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले, परत जायचं राहून गेलं आणि मी इथल्याच पोलिसांत भरती झालो. मराठ्यांच्या धास्तीने इंग्रजांनी कधीकाळी बागबाजारापासून खंदक खणायला घेतला होता; त्याच भागात एका ठाण्याचा प्रमुख म्हणून मी मराठी माणूस बसलो. म्हणजे खंदकाची मेहनत पाण्यात. लोक मला 'बर्गीबाबू' म्हणत. बर्गी म्हणजे बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार. मला ते मानपत्रासारखं वाटे.

एका सकाळी हजेरी चालू असताना निवृत्त शिक्षिका आत आल्या. बंगाली ख्रिस्ती, भूमिती शिकवणाऱ्या, मोहल्ल्याच्या दीदीमोनी, म्हणजे आपल्याकडच्या शाळेतल्या 'बाई'. मी थाप मारली की त्या एकच शब्द टाकत : "प्रमाण?" ठाण्यात सगळे माझ्या गोष्टींना हसत. पुरावा फक्त त्या मागत.

"माझी मुलगी हरवली आहे. लिहून घ्या."

"शेवटची कुठे दिसली?"

"आत्ता नळावर. माझ्या अगदी जवळून गेली."

ठाणे अंमलदाराचं पेन थांबलं. मी म्हणालो, "दीदीमोनी, अहो, ती तुमच्यापासून चार घरांवर राहते."

"तुमची आई शेजारून जाईल आणि तुमच्याकडे बघणारही नाही. त्याला तुम्ही काय म्हणाल?"

मी खुर्ची पुढे केली.

गल्लीत त्यांचं लहानसं चर्च होतं. कुठल्या मोठ्या संस्थेखाली नव्हतं. नवा पास्टर आला. गोड गळ्याचा, बोलायला लागला की रस्त्यावरची ट्राम थांबावी असा. "त्यानं आधी चहा बंद केला," त्या म्हणाल्या.

"चहा?"

"उपासनेनंतर आमचा चहा असायचा. चहावर लोक उपदेशाची चिरफाड करायचे. तो म्हणाला, ही कुजबुज पाप आहे. मग निवडून येणारं पंचमंडळ गेलं. मग तो शिकवायला लागला की पास्टर हे देवानं आपल्यावर धरलेलं छत्र; त्याला प्रश्न म्हणजे देवाला प्रश्न. शेवटी म्हणाला, औषध घेणं म्हणजे अविश्वास."

मुलीला लहानपणापासून फिट येत. रोजची गोळी चुकवून चालत नसे. तिने गोळ्या पास्टरच्या हाती दिल्या होत्या. दीदीमोनी भर उपासनेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रमाण? शास्त्रात कुठे?" त्या दिवसापासून कुणी त्यांच्याशी बोलेना. मुलगी घर सोडून चर्चने दिलेल्या खोलीत गेली.

"चहा बंद करणं कुठल्या कलमात बसतं हो?" मी विचारलं.

"कलम तुम्ही शोधा. मला माझी मुलगी फिट येऊन एकटी पडलेली सापडायला नको."

मी तक्रार डायरीत घेतली आणि चर्चच्या लोकांना एकेक करून बोलावलं. भाजीवाला, शिंपी, कारकून. तिघांचं उत्तर शब्दाला शब्द एकच : "आम्ही आनंदात आहोत, आमच्यावर छत्र आहे." पढवलेला साक्षीदार आम्हा पोलिसांना वासावरून कळतो. खरा माणूस अडखळतो, मध्येच बायकोची तक्रार सांगतो. हे तिघे कुठेच अडखळले नाहीत.

मुलगी सज्ञान. दार तोडून आणायचा अधिकार मला नव्हता. नाताळ जवळ आला होता, म्हणून बंदोबस्ताची बैठक ठेवली आणि पास्टरला मंडळींसह बोलावलं. मुलगीही आली. चहा मागवला आणि मी इलिश माशाची गोष्ट सुरू केली : हुगळी नदीवर बजबजच्या धक्क्यावर माझ्या गळाला असा इलिश लागला की त्याने पोलीस लाँच समुद्रापर्यंत ओढत नेली, परतीच्या वाटेवर मी त्याच्या पाठीवर बसून दुपारची झोप काढली.

माझे शिपाई हसले. चर्चची मंडळी मात्र आधी पास्टरकडे वळली. तो हसला, मग मंडळी हसली.

तेवढ्यात मागून आवाज आला, "इलिश जाळ्यात येतो. गळाला कुठे लागतो? प्रमाण?"

हुबेहूब आईचा सूर! बोलून गेल्यावर मुलीने तोंडावर हात ठेवला. पास्टर हळूच म्हणाला, "बेटी." तिची मान खाली गेली. पण मला समजलं, ती हरवलेली नाही. आतच आहे, दाराशीच.

महिला उपनिरीक्षक तिला पत्ता लिहून घ्यायच्या निमित्ताने शेजारच्या खोलीत घेऊन गेली. मुलगी रडली. दोनदा फिट आली होती, कुणाला सांगायची मनाई होती. तिने एवढंच विचारलं, "मा दुपारी जेवते ना?"

मग मी आयुष्यातली सर्वोत्तम थाप मारली. गंभीर चेहऱ्याने पास्टरला म्हणालो, "हरवल्याची तक्रार बंद करायची तर हरवलेल्या व्यक्तीने तक्रारदाराच्या घरी जाऊन ओळख पटवावी लागते. नियम आहे." असा नियम कुठेही नाही. पण छत्र धरणाऱ्याला कायद्याची छत्री मोठी वाटली.

दीदीमोनींच्या दारात मी विचारलं, "ही तुमचीच मुलगी?"

त्यांनी तिला खालून वर न्याहाळलं. "वेणी वाकडी आहे. माझीच."

चहा झाला. बाहेर निघताना मी कुजबुजलो, "गोळ्या घ्यायला सांगा की!"

"मी हुकूम सोडला तर त्याच्यात न् माझ्यात फरक काय?" मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "उद्या डॉक्टरकडे मी जाणार आहे, गुडघ्यासाठी. यायचं तर ये."

ती गेली.

पुढे इतर घरांतूनही लोक बोलायला आले आणि औषधांच्या बाबतीत पास्टरचा रीतसर जबाब झाला. मी एकच आडवा प्रश्न टाकला. "तुम्हाला शेवटचं 'नाही' कोण म्हणालं?"

तो लबाड नव्हता. त्याने खरोखर आठवून पाहिलं. "आठवत नाही," तो म्हणाला. काही दिवसांत तो शहर सोडून गेला. पंचमंडळ परत आलं, चहाही.

धर्मातलं मला फारसं कळत नाही. पण देऊळ असो, चर्च असो की ठाणं, आत शिरल्यावर मी आता एवढंच बघतो : इथले लोक हसण्याआधी कुणाकडे बघतात का?

मागच्या हिवाळ्यात दीदीमोनी गेल्या. मी निवृत्त झाल्यापासून त्यांच्या चर्चच्या चहाला अधूनमधून जातो. परवा पुन्हा इलिश काढला. या वेळी त्याने लाँच थेट अंदमानला नेली. सगळे मोकळेपणी हसले, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मी मात्र कप हातात धरून थांबलो. मुलगी चहा ओतत होती, तिचीही किटली थांबली. आम्ही दोघं कोपऱ्यातल्या दीदीमोनींच्या वेताच्या खुर्चीकडे बघत राहिलो. चहा निवला, तरी खुर्चीतून काही तो शब्द आला नाही.