मोहबोडीचे अजिंक्य मामा

आमच्या मोहबोडीच्या हुतुतू संघाला कोणीही, कधीही हरवू शकलं नव्हतं. आम्ही कोणाशी कधी खेळलोच नव्हतो.

ही गोष्ट गोऱ्या साहेबाच्या राज्यातली. मी तेव्हा विशीत होतो आणि त्या संघाचा कप्तान होतो. कप्तान कसा झालो? संघातल्या बाकीच्या सहाजणांना अंग होतं, मला तोंड होतं. माझा चुलतभाऊ नत्थूदादा एका हातानं खाचराची, म्हणजे बैलगाडीची, चाकं उचलायचा, तर मी दोन्ही हातांनी फक्त धोतर सावरायचो. पण संघाला नाव पाहिजे, नावाला बोभाटा पाहिजे, आणि बोभाटा करण्यात माझा हात (म्हणजे तोंड) धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

आमच्या बाबांचं तर म्हणणंच असं होतं, की ज्यांच्या पणज्यानं डोक्यावर माती वाहून तलावाची पाळ बांधली, त्यांच्या पोरांच्या पकडीतून कोण सुटणार? तलाव खरंच जबरदस्त होता. त्या तलावाचं पाणी पाटानं खाली कवडीटोल्याच्या धानाला जायचं. त्यावरून आमच्या वाडवडिलांनी एक बेरकी धोरण ठरवलं होतं. पोरगी द्यायची तर जिथं आपलं पाणी जातं तिथंच. सासरच्यांनी तिला त्रास दिला की वरून पाट बंद! त्यामुळे तीन पिढ्या आमचं पाणी आणि आमच्या पोरी दोन्ही उताराला लागून कवडीटोल्याला जात होत्या. हे धोरण आमच्याच अंगावर उलटेल असं कोणालाही वाटलं नव्हतं.

तर बोभाटा. सुरुवात मी अगदी साधी केली. सडक अर्जुनीच्या बाजारात एवढंच म्हणालो, की नत्थूदादानं उधळलेला बोकड शिंगाला धरून थांबवला. (ही गोष्ट निम्मी खरी होती. बोकड होता.) पुढच्या बाजारापर्यंत त्या बोकडाचा गोऱ्हा झाला. देवरीला पोचेस्तोवर रानगवा झाला. महिन्याभरानं मी गोंदियाला धान घेऊन गेलो, तर राईस मिलचा मुनीम माझ्याकडे खालून वर पाहत म्हणाला, "मोहबोडी? वो छोटी लाइन का इंजन पकड़ के रोकनेवाले?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ! पण तोंडातून निघालं, "इंजन तो छोटा ही था।"

आता हा बोभाटा देवरीकडच्या डोमाजी पाटलांच्या कानावर गेला, आणि इथून माझा जीव टांगणीला लागला. डोमाजींना दोन वेडं होती. एक हुतुतूचं, दुसरं त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, सगुणाचं. या सगुणाला मी एकदाच, बाजारात, शिंगाड्याच्या ढिगापुढे पाहिलं होतं. शिंगाडेवाला दोन पायल्यांत एक पायली चिखल मोजत होता, आणि ती त्याला अशी काही झोडपून काढत होती, की मी पलीकडच्या मिरच्यांच्या ढिगाऱ्यावर बसलो ते मला घरी जाईपर्यंत कळलं नाही. त्यानंतर मला दुसरी मुलगी दिसेना. तसं तर मलाही कोणी पाहीना! आधी चार मुलींचे बाप येऊन गेले होते. चौघांनीही चहा पिऊन, माझ्याकडे पाहून, पोराला वाऱ्यात कुठं बाहेर पाठवत जाऊ नका असा सल्ला देऊन रजा घेतली होती.

डोमाजींचा निरोप आला, की ज्या संघाचं एवढं नाव ऐकतो त्याच्या कप्तानाला मैदानात पाहीन, आणि मन भरलं तर तिथंच सुपारी फोडीन. दिवाळीनंतरच्या तुमच्या मंडईला मुलीला घेऊन येतो.

आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा जत्रा, मग दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, खेळ, आणि अर्धी लग्नं तिथंच जुळतात. सामना ठरवायला उशीर नको म्हणून मी चारी दिशांना आव्हान धाडलं. तीन दिशांनी नकार आला. ज्यानं इंजन थांबवलं त्याच्याशी आम्ही कशाला खेळू, असं त्यांचं म्हणणं. होकार आला फक्त कवडीटोल्याहून. तो घेऊन आली माझी थोरली बहीण, भागरथाबाई. तिचं सासर तिथलंच.

मी तिला ठणकावून सांगितलं, की भाड्याचे पहिलवान आणायचे नाहीत. घरोघरचे पोरगेच पाहिजेत.

"घरचेच आणीन रे, बाप्पा," बाई म्हणाली. "तुले परका मानूस दिसनार नाही, जा."

आणि ती हसली. मोठी बहीण अशी हसली की शहाण्या माणसानं काशीला निघून जावं. मी मात्र सरावाला निघून गेलो.

रोज पहाटे आम्ही तलावाच्या पाळीवर घाम गाळायचो आणि भिजवलेले चणे खायचो. भाऊबीजेला लेकीबाळी माहेरी आल्या, सोबत त्यांचे मोठाले पोरगे आले. ते आठ दिवस घराघरांत राहिले. आम्ही चणे खाऊन राहिलो होतो आणि घरातलं तूप, वडे, खीर सगळं या पाहुण्यांच्या ताटात जात होतं. आईला विचारलं, काऊन व माय, खेळायचं आम्हाला आणि तूप त्यांना? ती म्हणाली, तुझं तोंड रोजचंच आहे. हे पाहुणे पोटभर खाऊन पाळीवर येऊन बसायचे आणि आमचा सराव मन लावून पाहायचे. मी त्यांना पकडी समजावूनसुद्धा सांगायचो. नत्थूदादाची घोट्याची पकड तर मी तीनदा करून दाखवायला लावली. (एवढा उदार कप्तान तुम्ही पाहिला आहे का?)

मंडईचा दिवस उजाडला. मैदानाभोवती चार गावं लोटली होती. डोमाजी पाटील खाटेवर बसले होते. बायकांच्या घोळक्यात सगुणा उभी होती आणि तिच्या कानाशी लागून माझी बहीण काहीतरी सांगत होती. आम्ही सातजण मांड्या थोपटत उतरलो. डफ वाजला. समोर मात्र कोणीच नाही. फक्त आमच्याच घरचे पाहुणे धोतरं खोचत उभे.

मी माझ्या भाच्याला, म्हणजे भागरथाबाईच्या गंपतला, विचारलं, की तुमचा संघ कुठे आहे?

"आमीच आहो ना, मामा," गंपत म्हणाला.

मी एकेकाकडे पाहिलं. पहिला भाचा. दुसरा भाचा. तिसरा, सातवा... सगळे भाचे! आम्ही सातजण एकाच भावकीतले, त्यामुळे एकाचा भाचा तो सगळ्यांचा भाचा. आता तिकडे पुण्या-मुंबईला भाचा मामाच्या पाया पडत असेल. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा देवासमान. त्याला पाय लागला तर सात तलाव बांधले तरी ते पाप फिटत नाही. पाया पडून झाल्यावरही, भाच्यानं डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिल्याशिवाय मामानं उठायचं नाही, हा आमच्या घरचा दंडक. गंपत माझ्याहून दोन महिन्यांनी मोठा. मी चालायच्या आधीपासून त्याच्यापुढे वाकत आलो होतो.

तेव्हा मैदानात आम्ही काय केलं? जे जन्मभर केलं तेच. सातही अजिंक्य वीर एका रांगेत जाऊन प्रतिपक्षाच्या पाया पडले. डोमाजी शेजाऱ्याला म्हणाले, की पाहा, एवढं बळ असून किती नम्रता! माझी छाती चार बोटं फुगली. ती शेवटची.

पहिली चढाई गंपतची. तो हुतुतू घुमवत आला आणि थेट नत्थूदादासमोर उजवा पाय पुढे करून उभा राहिला. नत्थूदादा घोट्याच्या पकडीसाठी विजेसारखा खाली झेपावला. त्याचे दोन्ही पंजे गंपतच्या पायांना भिडले. झालं! पंजे पायांना लागले आणि हातांना आपली खरी सवय आठवली. इंजन थांबवणारे ते हात पायांवरून उठले आणि सरळ कपाळाला गेले. गंपतनं दम न सोडता त्याच्या डोक्यावर शांतपणे हात ठेवला. आशीर्वाद दिला, म्हणजेच गडी बाद केला! नत्थूदादा समाधानानं उठला आणि तिघांनी सांगितल्यावर त्याला कळलं की आपण बाहेर आहोत. परत जाता जाता गंपतनं आणखी दोघांना आशीर्वाद दिले.

मी ओरडून सांगितलं, की पाय धरू नका, कंबर धरा. दुसऱ्या भाच्याला आमच्या एका गड्यानं खरंच कंबरेत धरलं आणि उचललं. तेवढ्यात बाजूनं आईचा आवाज आला. "भाशाले पाडशील तं घरात पाय ठेवू नोको." बाबा म्हणाले, की धर त्याला. आई म्हणाली, की ठेव त्याला. भाचा अधांतरी, आमचा गडी बाबांकडे पाहतो, आईकडे पाहतो. शेवटी त्यानं भाच्याला तान्ह्या बाळासारखं अलगद नेऊन मधल्या रेषेवर उभं केलं आणि त्याचं धोतरही नीट करून दिलं. त्याच्या पायाखाली रेष, तोंडात दम शाबूत. आणखी एक गडी गेला.

लोक आता खाटेवरून, गाड्यांवरून, झाडांवरून हसत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, की इंजनालाही तुम्ही असंच पोचवून दिलं का? डोमाजींच्या मिशा थरथरत होत्या. रागानं की हसून, दुरून कळेना. सगुणाकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. सुपारी डोळ्यांसमोरून घरंगळत देवरीच्या जंगलात जाताना मला स्पष्ट दिसली. आता लाज राखायची तर कप्तानानंच चढाई करायला पाहिजे होती.

मी हुतुतू घुमवत त्यांच्या हद्दीत शिरलो. हुतुतूत खरं हत्यार म्हणजे लाथ. मी लाथ उचलली. समोर भाचा. ठेवली. वळून दुसरीकडे उचलली. तिकडेही भाचा. सात दिशांना सात देव उभे, आणि मी मध्ये एका पायावर बगळ्यासारखा! दम संपत आला, तशी मला एक झकास युक्ती सुचली. हात लावला की गडी बाद, मग तो कुठेही लागो. भाच्याला हात लावायची एकच जागा पापाची नव्हती... पाय! मी झडप घालून गंपतच्या दोन्ही पायांना हात लावला. गडी बाद! आता फक्त उठायचं आणि तीन पावलांत रेष गाठायची.

उठायचं कसं? आशीर्वाद कुठे मिळाला होता?

मी वाकलेला, हुतुतू चालू, वर पाहतो तर गंपत दोन्ही हात पाठीमागे बांधून तलावावरची पाखरं पाहतो आहे. मी डोळ्यांनी विनवलं. मी "हुतुतू" एवढ्या केविलवाण्या सुरात म्हटलं की त्यात पूर्ण अर्ज होता. बाबा म्हणाले, ऊठ. नत्थूदादा म्हणाला, ऊठ. आईनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी उठलो नाही. शेवटचा "तू" निघाला, त्यानंतर नुसतीच हवा निघाली, त्यानंतर तीही संपली.

मग गंपतनं मान खाली केली. "मामा, आता देऊ का आशीर्वाद, का अजून थांबू?"

त्यानंतर आमच्यावर दोनदा संपूर्ण संघ बाद व्हायची पाळी आली. शेवटी तर आमचे गडी चढाई करणाऱ्याला त्रास नको म्हणून स्वतःहून डोकं पुढे करत होते. सामना संपल्यावर आईनं जिंकणाऱ्या सातही नातवांना औक्षण करून नवी धोतरं दिली. आम्हाला चणे उरले होते.

मी दंडारीच्या मांडवामागे जाऊन बसलो. तिथं बहीण शोधत आली. मी तिला म्हणालो, की बाई, तू माझा घात केला. ती म्हणाली, की तीन पिढ्या तुमच्या पाण्याचे टोमणे आम्ही ऐकले, एक दिवस तुम्ही ऐका. मग मी विचारलं, की डोमाजी गेले का?

ती शेजारी बसली. म्हणाली, की डोमाजी तर गाडी जुंपून राहिले होते. हा कप्तान फू केलं तर पडेल, असं म्हणत होते. पण पोरगी गाडीत चढेना. तिनं बापाला सांगितलं, सुपारी फोडा.

मला विश्वास बसेना. माझं बळ पाहिलं म्हणावं तर ते नव्हतं, खेळ पाहिला म्हणावं तर तोही नव्हता. मग काय पाहिलं तिनं? माझा मनाचा मोठेपणा? घराण्याचे संस्कार? मी अगदी लाजून बहिणीला विचारलं, की ती म्हणाली तरी काय?

"म्हने, मले हाच पायजे," बाईनं सांगितलं. "एकडाव वाकला का सांगल्याशिवाय उठत नाही."

आमच्या लग्नाला आता चाळीस वर्षं होत आली. संसार उत्तम चालला आहे. कंबर तेवढी दुखते.