मोडलेल्या सोयरिकीचा मध्यस्थ

पालीच्या पंचक्रोशीत भागोजी रहाट्यांना विचारल्याशिवाय कुणी मुलगी दाखवत नसे. पोटाला भातशेती होती, पण जीव सगळा सोयरिकी जुळवण्यात. कुणाच्या घरात खाणारी तोंडं किती, कुणाचा मुलगा मुंबईत खरंच नोकरीला आहे आणि कुणाचा नुसताच मुंबईत आहे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. एक गोष्ट मात्र ते येताजाता मिरवत, "मी जुळवलेला एकय लगीन मोडला नाय." त्यावर बायको सोनूबाई म्हणे, "मोडतील कशी? तुमच्या भीतीनं नांदतात बिचारी."

२००१ साली दर्शना त्यांच्या दारात आली. सहा वर्षांपूर्वी भागोजींनीच तिची सोयरीक बाळाशी जुळवली होती. बाळा भांडुपला कारखान्यात, हिचं पालीच्या बाजारात शिवणकामाचं दुकान. तो गावी यायला तयार नाही, ही दुकान सोडायला तयार नाही, आणि सणाला एकत्र आलेच तर दोन दिवसांत दोघांना एकमेकांचं तोंड बघवत नाही.

"तात्या, आमाला सुटायचा हाय," ती म्हणाली. "दोघांनाय. भांडण नको. तुमी जुळवलात, आता तुमीच सोडवा."

भागोजींना आपलीच काळजी पडली. ही सोयरीक सुटली की आपल्या शब्दाला काय किंमत? उद्या कोण बोलावणार आपल्याला? ते दोघांना समजावत फिरले, कुणीच बधलं नाही. इकडे दर्शनाचा भाऊ काशीराम कोर्टात खेचायची भाषा करू लागला, तिकडे बाळाची आई दागिने परत मागू लागली.

"तुमचा नाव राहावा म्हणून त्या पोरांनी जन्मभर कुढायचा काय?" सोनूबाईंनी सुनावलं. भागोजींना ते लागलं, कारण ते खरं होतं.

शेवटी रत्नागिरीचे दोन वकील गाठले, एक तिचा, एक त्याचा. दोघांनी आधीच बजावलं की सगळ्यांनी समोरासमोर बसून मिटवायचं. कुणी भांडायला कोर्टात जायचं म्हटलं तर आम्ही दोघंही बाजूला होऊ, मग दुसरे वकील शोधा. भागोजींना हे पटलं. सोयरीक जुळवताना तरी ते वेगळं काय करत आले होते? बैठक त्यांच्याच पडवीत बसली.

दागिने दर्शनाकडे राहिले. गाडी अडली ती शिलाई मशीनवर. माझ्या मुलाच्या पैशाची मशीन, असं बाळाची आई म्हणाली आणि काशीराम बाह्या सरसावून उभा राहिला.

"आये, मी काय भांडुपला ब्लाउज शिवू?" बाळा म्हणाला. "ऱ्हाऊदे तिच्याकडंच."

काशीरामलाही हसू आलं, तो खाली बसला. दोघांच्या संमतीचा अर्ज करायचं ठरलं.

भागोजींना इतकं हायसं वाटलं, की सवयीनं हात पानसुपारीच्या चंचीकडे गेला. अडकित्त्यानं त्यांनी कट्कन सुपारी फोडली आणि दोन्ही बाजूंपुढे धरली. सगळे त्या सुपारीकडे बघत राहिले. सुपारी फोडतात ती लग्न ठरल्यावर.

"तात्या, परत लावताव काय आमचा?" दर्शनानंच विचारलं. मग मात्र वकिलांसकट सगळे पोट धरून हसले. बाळाच्या आईनंसुद्धा एक खांड उचलून तोंडात टाकलं.

कोर्टानं दिलेली सहा महिन्यांची मुदत सरली आणि दोघं रीतसर मोकळी झाली. भागोजींना मात्र त्यानंतर कुणाचं बोलावणं आलं नाही. लग्नसराई तोंडावर आली, ते पडवीत बसून रस्त्याकडे बघत. आपलं आता संपलं, असं त्यांनी मनाशी धरूनच ठेवलं.

शिमगा झाल्यावर दर्शना आली, सोनूबाईंचं पोलकं शिवून घेऊन. चहा प्याली, गप्पा मारल्या. निघताना खाली बघत म्हणाली, "तात्या, माज्यासाठी कुटं असला तर बगा. घाई नाय. पण तुमीच बगा, दुसऱ्या कुणाला सांगू नका."

भागोजींचे डोळे भरून आले.

"पालीतलाच बगतो," ते म्हणाले. "दुकान चालू ऱ्हायला हवा ना तुजा."