आठवा फॉर्म

आमच्या कॉलेजात क्रीडाधिकाऱ्याची जागा वर्षानुवर्षं रिकामी होती. त्यामुळे मुलींचा कबड्डी क्लब आम्ही मुलीच चालवायचो. चुन्याच्या रेघा एक जण मारायची, शिट्टी दुसरीकडे, आणि कागदपत्रं माझ्याकडे. आमचं घराणं तीन पिढ्या बालाघाटात सरकारी नोकरीत. फॉर्म भरणं आम्हाला जन्मजात येतं, अशी माझी फुशारकी. कॅप्टन होती लांजीकडची माझी मैत्रीण. शेतकऱ्याची पोर, पण चढाईला निघाली की समोरच्या मुली आधीच मागे सरकायच्या. तिला पोलिसात जायचं होतं. दुसरं काही तिला सुचतच नसे.

विद्यापीठाच्या स्पर्धा छिंदवाड्याला होत्या. आम्ही आठ जणी, सात मैदानात आणि एक राखीव. प्रत्येकीच्या फॉर्मवर फोटो, प्राचार्यांची सही आणि बाबूकडून ठप्पा. निघायच्या दिवशी आठव्या, म्हणजे राखीव मुलीच्या फॉर्मवरच्या फोटोचा डिंक ओला होता. तो बाकीच्यांना चिकटू नये म्हणून मी फॉर्म ऑफिसच्या खिडकीत वाळत ठेवला, उरलेल्या सातांवर ठप्पे घेतले आणि धावतपळत बस गाठली.

छिंदवाड्याला नोंदणीच्या टेबलावर फाइल उघडली आणि मला ती खिडकी आठवली.

"आठवा कोठी हाय?" मैत्रिणीनं विचारलं.

"बाबूनं हरवला वाटतं. मी तर आठही दिले होते," मी म्हणाले. इतक्या सहज, की माझं मलाच नवल वाटलं. सगळ्या बाबूवर तुटून पडल्या. मीही दोन शिव्या हासडल्या. फॉर्मशिवाय खेळता येणार नव्हतं, म्हणून राखीव मुलगी खेळाचे कपडे घालून बाहेर बसून राहिली.

दुसऱ्या सामन्यात चढाईवरून परतताना मैत्रिणीचा गुडघा फिरला. कट्‌कन आवाज झाला, तो मला माझ्या कोपऱ्यात ऐकू आला.

"बाहेर बस ना," मी म्हणाले.

"मंग खेळन कोन? सहा जणींत मार खाचा काय? तुही ओढणी आन. बांध कसून."

मी बांधली. तेव्हाच तिला हात धरून बाहेर काढायला हवं होतं. पण ती बाहेर बसली असती तर सगळ्यांना पुन्हा तो आठवा फॉर्म आठवला असता. म्हणून मी गाठ अजून आवळली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तो सामना आम्ही जिंकलो, पुढचा हरलो. परतीच्या बसमध्ये ती सुजलेला पाय माझ्या मांडीवर ठेवून झोपली. घरी कितीतरी दिवस नुसती तेलाची मालिश झाली. गोंदियाच्या डॉक्टरांपर्यंत गुडघा पोचला तेव्हा फार उशीर झाला होता. पोलीस भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली. आठशे मीटरच्या दुसऱ्या फेरीत पडली. तिची चप्पल हातात धरून मी कुंपणाबाहेर उभी होते. ती उठली आणि उरलेलं अंतर चालत संपवलं. तोवर वेळ संपून गेली होती.

आता मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात बसते. ज्या बाबूंवर मी खापर फोडलं, त्यांनीच मला हे काम शिकवलं. गेल्या वर्षी ते रिटायर झाले, तेव्हा हार मीच घातला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ते नुसते हसले तरी मी नजर चुकवायची.

परवा मैत्रीण आली. लांजीच्या बसनं येऊन, कठडा धरत, एकेक पायरी चढून. सोबत धाकटी बहीण होती. ती आता आमच्याच क्लबात खेळते.

"इचा फॉर्म तूच भर," मैत्रीण म्हणाली. "अन् ठप्पा लागेपर्यंत हातचा सोडू नको. पोरीले पोलिसात जाचं हाय."

मी फॉर्म भरला, फोटो चिकटवला. डिंक ओला होता, म्हणून मैत्रीण वाकून फुंकर घालायला लागली. आता सांगावं, असं मनात आलं. अगदी ओठांवर आलं. पण सांगून तिचा गुडघा बरा होणार नव्हता, आणि मला मात्र मैत्रीण उरली नसती. मी भित्री आहे, दुसरं काय!

"आमच्या वक्ती त्या बाबूनं घात केला," ती बहिणीला सांगत होती. "इनं तं सारे कागद बराबर देलते." मग माझ्याकडे वळली. "हौ ना वं?"

"हौ," मी म्हणाले, आणि ठप्पा मारला.